सभासद डिलीट करायचा आहे, पण त्याच्या पावत्यांचं काय?

डेटाबेस शिकायला घेतला की इन्सर्ट आणि सिलेक्ट लवकर हाताखाली येतात. गाडं अडतं ते डिलीटपाशी. मायएसक्यूएलमध्ये एखादी ओळ उडवायला जावं तर १४५१ क्रमांकाची एरर येते: पेरेंट रो काढता येत नाही, फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) आडवी येते. पोस्टग्रेस २३५०३ हा कोड देतो, ओरॅकल २२९२ क्रमांकाखाली ‘चाइल्ड रेकॉर्ड फाउंड’ म्हणतो, एसक्यूएल सर्व्हर ५४७ दाखवतो. म्हणणं सगळ्यांचं एकच: या ओळीवर (पेरेंट) दुसऱ्या टेबलातल्या ओळी (चाइल्ड) अवलंबून आहेत, त्यांचं काय करायचं ते आधी सांगा.

नवीन माणूस इथे बहुतेक वेळा दोनपैकी एक मार्ग धरतो. एकतर फॉरेन कीची तपासणी तात्पुरती बंद करून डिलीट मारतो, नाहीतर कुठेतरी सापडलेलं ‘ऑन डिलीट कॅस्केड’ (पेरेंट गेला की चाइल्डही आपोआप काढा) सगळ्या टेबलांना लावून मोकळा होतो. पहिल्या मार्गाने अनाथ नोंदी (ज्यांचा पेरेंटच उरलेला नाही अशा) मागे उरतात. दुसऱ्याने नको त्या नोंदीही वाहून जातात, आणि गेल्याचं महिनोन् महिने कळतही नाही. डेटाबेस विचारतो तो प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येक नात्यासाठी वेगळं द्यावं लागतं. हे उत्तर टेबल बनवतानाच लिहून ठेवावं. डिलीटचं बटण बनवायला घेईपर्यंत थांबू नये.

उदाहरण म्हणून सार्वजनिक वाचनालय घेऊ. नात्यांचे जवळजवळ सगळे प्रकार त्यात सापडतात. टेबलं अशी: सभासद, सभासद_फोन, पुस्तक, प्रत (एकाच पुस्तकाच्या चार प्रती असतील तर चार ओळी, प्रत्येकीला वेगळा दाखल क्रमांक), देवघेव, आरक्षण, पावती (वर्गणी, अनामत, दंड), देणगीदार आणि कर्मचारी. पुढच्या आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्यांची नेहमीची इंग्रजी स्पेलिंग वापरा.

पायरी १: फॉरेन की खरंच आहे का, ते बघा

ही पायरी बरेच जण गाळतात. कॉलमचं नाव ‘सभासद_क्र’ असलं म्हणजे नातं तयार झालं, असं होत नाही. फॉरेन की कन्स्ट्रेंट (डेटाबेसने पाळायचा नियम) लिहिलेलं असावं लागतं आणि ते चालूही असावं लागतं.

एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची अंमलबजावणी २००९ च्या ३.६.१९ आवृत्तीपासून आहे, पण ती मुळात बंद असते. प्रत्येक नव्या कनेक्शनवर ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज = ऑन’ चालवावं लागतं. एकदा चालवलं म्हणजे फाइलमध्ये कायमचं नोंदलं गेलं, असं समजू नका. मायएसक्यूएलमध्ये टेबल जुन्या मायआयसॅम इंजिनवर (टेबल साठवणारा भाग) असेल तर फॉरेन की लिहू देतो, एरर देत नाही आणि पाळतही नाही. शिवाय मायएसक्यूएल ८ पर्यंत कॉलमच्या पुढेच ‘रेफरन्सेस सभासद(क्र)’ असं लिहिलं तर तेही निमूटपणे सोडून दिलं जातं. ‘फॉरेन की (सभासद_क्र) रेफरन्सेस सभासद (क्र)’ अशी स्वतंत्र ओळ लागते. तपासायला मायएसक्यूएलमध्ये ‘शो क्रिएट टेबल देवघेव’ चालवा. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएलमध्ये (आज्ञा टाइप करायचा प्रोग्रॅम) बॅकस्लॅश डी आणि टेबलाचं नाव दिलं की खाली दोन्ही बाजूंची यादी येते: हे टेबल कुणाकडे बोट दाखवतं आणि याच्याकडे कोण बोट दाखवतं. डिलीटच्या दृष्टीने दुसरी यादी महत्त्वाची.

फॉरेन की नसलेल्या जुन्या डेटाबेसमध्ये अनाथ नोंदी आहेत असं धरूनच चाला. त्या अशा सापडतात:

सिलेक्ट दे.* फ्रॉम देवघेव दे
लेफ्ट जॉइन सभासद स ऑन स.क्र = दे.सभासद_क्र
व्हेअर स.क्र इज नल अँड दे.सभासद_क्र इज नॉट नल;

ज्या ओळी येतील त्या लगेच उडवू नका. पावत्यांच्या टेबलात अशा ओळी निघाल्या तर त्या खऱ्या पैशांच्या नोंदी आहेत. जुना बॅकअप किंवा कागदी रजिस्टर बघून सभासद परत घालता आला तर उत्तम. नाहीच जमलं तर ‘अज्ञात सभासद’ अशी एक ओळ तयार करून त्या तिच्याकडे वळवा, आणि मग फॉरेन की लावा. टेबल मोठं आणि वापरात असेल तर पोस्टग्रेसमध्ये फॉरेन की ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून आधी लावता येते. नव्या ओळींना ती लगेच लागू होते. जुन्या साफ झाल्या की ‘व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट’ चालवायचं.

पायरी २: प्रत्येक नात्याला एक प्रश्न विचारा

सगळं काम खरं इथे आहे, म्हणून घाई करू नका. एक कागद घ्या, टेबलं काढा, बाण काढा आणि प्रत्येक बाणापाशी विचारा: पेरेंट गेल्यावर या चाइल्ड ओळीला काही अर्थ उरतो का?

सभासदाचे फोन नंबर घ्या. सभासदच नसेल तर त्या नंबरांचं करायचं काय? ते सभासदाच्या नोंदीचाच भाग आहेत, वेगळ्या टेबलात ठेवले ते एकाला दोन-तीन नंबर असू शकतात म्हणून. इथे कॅस्केड योग्य. आरक्षणाचंही तेच. ज्याच्यासाठी पुस्तक राखून ठेवायचं तोच गेला तर रांगेतली त्याची जागा मोकळी झाली पाहिजे.

देणगीदाराचं वेगळं. कुणीतरी पन्नास पुस्तकं दिली आणि पुढे देणगीदाराची नोंद काढायची वेळ आली, तर पुस्तकं कपाटातच राहतात. फक्त ‘कुणी दिलं’ हा रकाना रिकामा होतो. हे सेट नलचं नातं: चाइल्ड स्वतःच्या पायावर उभा आहे, पेरेंट ही त्याच्याविषयीची एक जादा माहिती.

पावतीपाशी मात्र हात आखडता घ्या. अमुक दिवशी अमुक सभासदाने इतके रुपये भरले, ही घडून गेलेली गोष्ट आहे. सभासदाने वाचनालय सोडलं म्हणून ते पैसे आले नव्हते असं होत नाही. वर्षअखेरीला जमाखर्च जुळला पाहिजे, हिशेब तपासनीस पावती क्रमांकांची सलग मालिका बघणार. इथे रिस्ट्रिक्ट: पावती आहे तोवर सभासद डिलीट होऊच द्यायचा नाही. देवघेवीलाही मी रिस्ट्रिक्टच लावीन. ‘जुन्या देवघेवी कोण बघतंय’ असं वाटतं खरं, पण कुठली पुस्तकं वाचली जातात, कुठली नव्याने घ्यायची, जीर्ण प्रत बाद करायची की बांधणीला द्यायची, हे सगळं त्याच नोंदींवरून ठरतं.

पुस्तक आणि प्रत हे नातं फसवं आहे. पुस्तक नाही तर प्रत कसली, म्हणून कॅस्केड लावायचा मोह होतो. पण प्रतीला दाखल क्रमांक असतो, ती दाखल नोंदवहीत चढलेली मालमत्ता असते आणि ती रजिस्टरमधून उतरवायला निर्लेखनाची रीतसर प्रक्रिया असते. कुणी चुकून ‘पुस्तक’ टेबलातली दुबार वाटणारी ओळ उडवली तर चार प्रती बरोबर जाता कामा नयेत. म्हणजे इथेही रिस्ट्रिक्ट. आधी प्रती योग्य पुस्तकाकडे वळवा, मग रिकामी उरलेली ओळ काढा.

देवघेवीवर आणि पावतीवर नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याचा क्रमांक असतो. कर्मचारी नोकरी सोडून गेला तरी कुणी नोंद केली हे पुसायचं नाही. रिस्ट्रिक्ट.

कुठलाच निर्णय होत नसेल तर रिस्ट्रिक्ट लावून पुढे जा. अडलेलं डिलीट उद्या सोडवता येतं. वाहून गेलेल्या ओळी परत आणायला बॅकअप शोधत बसावं लागतं.

पायरी ३: उत्तर कन्स्ट्रेंटमध्ये उतरवा

फॉरेन की (सभासद_क्र) रेफरन्सेस सभासद (क्र) ऑन डिलीट रिस्ट्रिक्ट

शेवटच्या शब्दाच्या जागी कॅस्केड, सेट नल, सेट डिफॉल्ट किंवा नो अ‍ॅक्शन येऊ शकतं. काहीच लिहिलं नाही तर नो अ‍ॅक्शन धरलं जातं आणि तेही डिलीट अडवतंच. मग रिस्ट्रिक्टमध्ये वेगळं काय? पोस्टग्रेसमध्ये नो अ‍ॅक्शनची तपासणी ट्रान्झॅक्शनच्या (एकत्र पक्क्या होणाऱ्या किंवा एकत्र मागे फिरणाऱ्या आज्ञांच्या) शेवटापर्यंत पुढे ढकलता येते, रिस्ट्रिक्टची येत नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनमध्ये दोन्ही सारखेच. एसक्यूएल सर्व्हरला रिस्ट्रिक्ट हा शब्दच माहीत नाही, तिथे नो अ‍ॅक्शन लिहा. ओरॅकलमध्ये फक्त कॅस्केड आणि सेट नल लिहिता येतात. अडवायचं असेल तर काहीच लिहायचं नाही. सेट डिफॉल्ट इनोडीबी स्वीकारत नाही, आणि इतरत्रही त्याची गरज क्वचितच पडते.

सेट नल लावताना कॉलम ‘नॉट नल’ नाही ना, हे बघून घ्या. आणि फॉरेन की दोन कॉलमांची असेल, उदाहरणार्थ शाखा_क्र आणि देणगीदार_क्र मिळून, तर सेट नल दोन्ही कॉलम रिकामे करतं. पुस्तक कुठल्या शाखेचं हेही त्यात जातं. पोस्टग्रेस १५ पासून ‘ऑन डिलीट सेट नल (देणगीदार_क्र)’ असं नेमक्या कॉलमापुरतं लिहिता येतं.

आधीचा नियम बदलायचा असेल तर जुनं कन्स्ट्रेंट ड्रॉप करून नवं लावावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये दोन्ही एकाच अल्टर टेबलमध्ये घाला, म्हणजे मधल्या काळात टेबल उघडं पडत नाही.

पायरी ४: कॅस्केड कुठवर जातं ते डोळ्यांनी बघा

समजा कुणीतरी आधीच सभासदावरून देवघेवीला कॅस्केड लावून ठेवलं आहे. टेस्ट डेटाबेसवर पीएसक्यूएल उघडा आणि हे करून बघा (शेवटच्या रोलबॅकने सगळं पूर्ववत होतं):

बिगिन;
सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम देवघेव व्हेअर सभासद_क्र = ३१७;
डिलीट फ्रॉम सभासद व्हेअर क्र = ३१७;
सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम देवघेव व्हेअर सभासद_क्र = ३१७;
रोलबॅक;

पहिल्या काउंटला समजा २४० आलं. डिलीटचं उत्तर येतं ‘डिलीट १’. दुसरा काउंट शून्य. मधल्या ओळीकडे नीट बघा. दोनशे एक्केचाळीस ओळी गेल्या आणि पडद्यावर आकडा एकच, कारण पोस्टग्रेस फक्त तुम्ही थेट काढलेल्या ओळी मोजतो. कॅस्केडने गेलेल्या त्यात धरल्या जात नाहीत. मायएसक्यूएलमध्येही तसंच. ‘एकच तर ओळ गेली’ या समजुतीने कमिट (बदल पक्के) करणाऱ्याला हा आकडा काहीच सांगत नाही. म्हणून काढण्याआधी प्रत्येक चाइल्ड टेबलाचा काउंट स्वतः घ्यायचा.

कॅस्केड साखळीने पुढे जातं. चाइल्डच्या चाइल्डवरही कॅस्केड असेल तर तेही गेलं. दिलासा एवढाच की साखळीत कुठेही रिस्ट्रिक्ट आडवं आलं तर पूर्ण डिलीट मागे फिरतं, अर्धवट काही राहत नाही. सभासदावरून देवघेवीला कॅस्केड आणि देवघेवीवरून दंडाच्या पावतीला रिस्ट्रिक्ट असेल, तर ज्याने एकदाही दंड भरला आहे तो सभासद निघतच नाही. पावत्यांसारख्या टेबलांवर रिस्ट्रिक्ट असणं म्हणूनच इतकं मोलाचं. कॅस्केड मी एका पातळीपलीकडे जाऊ देत नाही.

एसक्यूएल सर्व्हर वापरत असाल तर एक अडचण लवकरच भेटेल. पुस्तकावरून थेट आरक्षणाला कॅस्केड, आणि पुस्तकावरून प्रतीला व प्रतीवरून आरक्षणालाही कॅस्केड, अशा दोन वाटा एकाच टेबलापाशी पोहोचल्या तर तो कन्स्ट्रेंटच लावू देत नाही, १७८५ क्रमांकाची एरर देतो. एक वाट नो अ‍ॅक्शन करा. मायएसक्यूएल ८ मध्ये दुसरा धोका आहे: कॅस्केडने निघालेल्या ओळींवर डिलीटचा ट्रिगर (ओळ निघताना आपोआप चालणारा कोड) चालत नाही. कोण काय काढतं याची नोंद ट्रिगरने ठेवत असाल तर नेमक्या याच ओळी तिच्यात सापडणार नाहीत.

पायरी ५: चाइल्ड कॉलमला इंडेक्स द्या

पेरेंटची एक ओळ काढताना डेटाबेसला चाइल्ड टेबलात शोधावं लागतं की हिच्याकडे कुणी बोट दाखवतंय का. इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नसेल तर प्रत्येक डिलीटला पूर्ण टेबल वाचलं जातं. इनोडीबी फॉरेन की लावताना इंडेक्स स्वतः बनवतो. पोस्टग्रेस बनवत नाही, आणि ‘प्रायमरी कीला तर इंडेक्स आहे’ म्हणून लोक निर्धास्त असतात. तो पेरेंटच्या बाजूचा इंडेक्स झाला. ओरॅकलमध्ये इंडेक्सविना फॉरेन की असेल तर पेरेंटवरच्या डिलीटमुळे चाइल्ड टेबलच लॉक होऊ शकतं. ‘क्रिएट इंडेक्स ऑन देवघेव (सभासद_क्र)’ इतकंच करायचं आहे.

पायरी ६: जे काढायचं नाही ते बंद करा

सभासदावर पावत्यांचं रिस्ट्रिक्ट आहे, म्हणजे जवळजवळ कुणीच सभासद डिलीट होणार नाही. हे बरोबरच आहे. वाचनालयातही सभासदत्व ‘बंद’ होतं, रजिस्टरचं पान कुणी फाडत नाही. टेबलात ‘बंद_दिनांक’ हा कॉलम घाला; रिकामा म्हणजे चालू, तारीख म्हणजे बंद. फक्त हो-नाही ठेवण्यापेक्षा तारीख चांगली, कधी बंद झालं हा प्रश्न पुढे नक्की येतो.

याला सॉफ्ट डिलीट म्हणतात आणि त्याची किंमतही मोजावी लागते. फॉरेन कीला बंद सभासद जिवंतच दिसतो, त्यामुळे त्याच्या नावावर नवी देवघेव टाकता येते. ती अडवायला ट्रिगर किंवा अ‍ॅपमधली तपासणी लागते. कॅस्केड चालत नाही, म्हणजे आरक्षणं त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये हाताने काढावी लागतात. प्रत्येक क्वेरीत ‘बंद_दिनांक इज नल’ लिहायचं कुणीतरी विसरतंच. त्यावर ‘चालू_सभासद’ नावाचा व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) बनवून रोजच्या स्क्रीन त्याच्यावर बांधणं हा उपाय चांगला टिकतो. आणि तोच माणूस दोन वर्षांनी त्याच ईमेलने परत आला तर युनिक कन्स्ट्रेंट (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा नियम) त्याला अडवतं. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये युनिक इंडेक्सला ‘व्हेअर बंद_दिनांक इज नल’ जोडता येतं, म्हणजे ईमेल फक्त चालू सभासदांत वेगळा असला की झालं.

सगळ्याच टेबलांना सॉफ्ट डिलीट लावू नका. फोन नंबर, आरक्षण, रद्द झालेल्या नोंदी सरळ काढून टाकाव्यात.

पायरी ७: ‘माझी माहिती काढा’ असं कुणी म्हटलं तर

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे, आणि दुसऱ्या कायद्याने जपावी लागणारी माहिती त्याला अपवाद आहे. जमाखर्चाचे कायदे उलट दिशेने ओढतात. हाच आराखडा एखाद्या कंपनीच्या ग्राहकांना लावला तर २०१३ चा कंपनी कायदा हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवायला सांगतो, आणि जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने नोंदी जपाव्या लागतात.

दोन्ही साधायला ओळ ठेवून माणूस ओळखू येणारी माहिती काढायची. सभासद_फोनमधल्या ओळी डिलीट; सभासद टेबलात नावाच्या जागी ‘माहिती काढली’, पत्ता, ईमेल आणि जन्मतारीख नल; क्रमांक तसाच. पावत्या आणि देवघेवी जागेवर राहतात, बेरजा जुळतात. शेरा लिहायच्या कॉलमात नावं आणि नंबर लपलेले असतात, तिथे जरूर बघा. जी पावती कायद्याने नावासकट ठेवायची आहे तिच्यावरचं नाव मात्र मुदत संपेपर्यंत राहू द्या.

पायरी ८: प्रत्यक्ष काढताना

चालू डेटाबेसवर हात घालण्याआधी बॅकअप घ्या, आणि तो रिस्टोअर होतो हे दुसरीकडे एकदा करून बघा. मग ट्रान्झॅक्शन सुरू करा, काउंट घ्या, आधी चाइल्ड आणि मग पेरेंट काढा, परत काउंट घ्या, अपेक्षेप्रमाणे आलं तरच कमिट. व्हेअरची अट आधी सिलेक्टला लावून ओळी डोळ्यांखालून घाला. तीच अट जशीच्या तशी डिलीटला. हजारो ओळी काढायच्या असतील तर थोड्याथोड्या करून काढा, नाहीतर लॉकमुळे देवघेवीच्या खिडकीवरचं काम थांबेल.

जँगोसारखं फ्रेमवर्क (अ‍ॅप बांधायचा तयार सांगाडा) वापरत असाल तर हे समजून घ्या: मॉडेलमधला ऑन_डिलीट कॅस्केड हा नेहमीचा पर्याय जँगो स्वतः पायथॉनमधून अमलात आणतं. डेटाबेसमधल्या फॉरेन कीवर कॅस्केड लिहिलेलं नसतं. म्हणून अ‍ॅपमधून सहज निघालेली ओळ पीएसक्यूएलमधून काढायला गेलं की एरर येते. रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये ‘डिस्ट्रॉय’ने डिपेंडंटचे नियम चालतात, ‘डिलीट’ने चालत नाहीत. एकाच डेटाबेसवर अ‍ॅप, रिपोर्टची स्क्रिप्ट आणि हाताने लिहिलेल्या क्वेरी असे तिघे काम करत असतील, तर किमान रिस्ट्रिक्ट तरी डेटाबेसमध्येच असू द्या. फ्रेमवर्कचा नियम फक्त फ्रेमवर्कलाच माहीत असतो.

ट्रंकेट या आज्ञेपासून (ती पूर्ण टेबल एकदम रिकामं करते) जपा. पोस्टग्रेसमध्ये ‘ट्रंकेट सभासद’ म्हटलं तर फॉरेन की अडवते, आणि एररखालची सूचना ‘ट्रंकेट कॅस्केड’ वापरा असं सुचवते. ती पाळली तर सभासदाकडे बोट दाखवणारी टेबलं पूर्ण रिकामी होतात, त्यांच्याकडे बोट दाखवणारीही, आणि तुम्ही लिहिलेलं रिस्ट्रिक्ट किंवा सेट नल इथे विचारातच घेतलं जात नाही. सभासदाचा संबंध नसलेल्या, दुकानदाराला विकलेल्या रद्दीच्या पावत्याही त्याच टेबलात असतील तर त्याही गेल्या. अ‍ॅप ज्या युजरने डेटाबेसला जोडलं जातं त्याला ट्रंकेटचा हक्क देऊ नका, आणि पावती टेबलावर डिलीटचाही नको: ‘रिव्होक डिलीट, ट्रंकेट ऑन पावती फ्रॉम अ‍ॅप_युजर’. टेबलाचा मालक मात्र वेगळा युजर असायला हवा, कारण मालक काढून घेतलेला हक्क स्वतःला परत देऊ शकतो.